इंचातला प्लॅन मिलिमीटरच्या रेव्हिटमध्ये आणताना: २५ ने मोठा केला तरी कॉलम जुळत नाहीत

आराखडा_पुणे (प्रश्न)

तळमजला अधिक एक मजला अशा बंगल्याचं मॉडेल रेव्हिटमध्ये, म्हणजे इमारतीचं त्रिमितीय मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, करायचं आहे. टेम्प्लेट मेट्रिक, सगळी मापं मिमीमध्ये. हाताशी चार वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या फाइली आहेत आणि चौघींचं स्केल वेगवेगळं येतंय.

पहिली, आर्किटेक्टच्या प्लॅनची डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची ड्रॉइंग फाइल. फूट-इंचात काढलेली, बाहेरून बाहेर ४०'-०" × ३०'-०". 'लिंक कॅड'मध्ये युनिट 'ऑटो-डिटेक्ट' ठेवून आणली तर ४० फुटांची बाजू ४८० मिमी भरते. लिंकच्या टाइप प्रॉपर्टीजमध्ये गुणक २५ टाकला, बाजू बरोबर १२,००० झाली. गोल आकडा आला म्हणून पुढे गेलो.

दुसरी, स्ट्रक्चरल कन्सल्टंटचा कॉलम लेआउट. हा मिमीमध्येच आहे आणि आला तसा बरोबर वाटतो. पण ग्रिड १ (ग्रिड म्हणजे कॉलमच्या मध्यरेषा) आर्किटेक्टच्या प्लॅनवर तंतोतंत बसवला की ग्रिड ३ वर ९५ मिमीचा आणि ग्रिड ५ वर १८५ मिमीचा फरक पडतो. ग्रिड १ ते ३ अंतर त्यांच्याकडे ५,९४५ आणि १ ते ५ अंतर ११,९६० आहे.

तिसरी, टोटल स्टेशन या मोजणी यंत्राने केलेला जागेचा सर्व्हे. मिमी म्हणून आणला की ३० मीटरचा प्लॉट ३० मिमीचा होतो. मीटर निवडलं की पसारा फार मोठा असल्याची सूचना येते.

चौथी, जुन्या मंजूर नकाशाची ए३ पीडीएफ. खाली १:१०० लिहिलंय. कागदावरचं माप १०० ने गुणलं तर ४० फुटांची बाजू ५,९१० च्या आसपास येते.

गुणक नक्की किती घ्यायचा? आणि ग्रिडमधली चूक आर्किटेक्टच्या फाइलमध्ये धरायची की स्ट्रक्चरलच्या?

---

मोजपट्टी

पहिल्या फाइलचं उत्तर ४८० या आकड्यातच आहे. ४० फूट म्हणजे ४८० इंच. फाइलमध्ये रेघ ४८० युनिट लांब आहे, काढणाऱ्याच्या मनात एक युनिट म्हणजे एक इंच होता, आणि फाइलच्या हेडरमध्ये 'मिमी' अशी नोंद आहे. रेव्हिटने हेडरवर विश्वास ठेवला. गुणक २५ नाही, २५.४. हा गोळाबेरीज केलेला आकडाही नाही. १९५९ पासून आंतरराष्ट्रीय इंच म्हणजे नेमके २५.४ मिमी. तुमच्या प्लॅनची बाजू १२,१९२ हवी होती, तुम्ही १२,००० वर थांबलात. १९२ मिमी गेले.

फूट-इंचातल्या इमारतीचं माप मिमीमध्ये गोल आलं तर समाधान मानू नका, तिथेच संशय घ्या. ४० फुटांचे गोल १२,००० कधीच होत नाहीत.

आता ग्रिड. तुमचे दोन फरक बघा: मधल्या ग्रिडवर ९५, शेवटच्यावर १८५. अंतर दुप्पट झालं तसा फरकही जवळजवळ दुप्पट झाला. फरक अंतराबरोबर वाढत असेल तर दोष स्केलचा. सगळीकडे सारखाच असेल तर दोष जागेचा, म्हणजे ड्रॉइंग सरकलंय. एका दिशेला शून्य आणि आडव्या दिशेला वाढत जात असेल तर ड्रॉइंग फिरलंय. म्हणून जुळवणी कधीही एका ग्रिडवर तपासू नये, किमान तीन ठिकाणी तपासावी.

२५.४ टाकल्यावर काय होईल ते हिशेबाने बघू. ९ इंची कॉलम दोन्ही टोकांना बाहेरच्या चेहऱ्याला लागून असतील तर मध्य ते मध्य ३९'-३", म्हणजे ४७१ इंच. ४७१ × २५.४ = ११,९६३.४. स्ट्रक्चरलकडे ११,९६०. मधला ग्रिड १९'-६" वर असावा: २३४ × २५.४ = ५,९४३.६, त्यांच्याकडे ५,९४५. म्हणजे एकीकडे १.४ जास्त, दुसरीकडे ३.४ कमी. हा स्केलचा दोष नाही, स्ट्रक्चरलवाल्यांनी माप ५ मिमीच्या पटीत गोल केलंय. ते तसंच असू द्या. दोन्ही फाइली कोणाचीही चूक न धरता जुळतात.

हेडर खोटं का बोलतो हे कळलं तर पुढच्या वेळी शोध सोपा जाईल. ऑटोकॅडच्या युनिट्स डायलॉगमध्ये दोन वेगळ्या गोष्टी शेजारी बसल्या आहेत. 'लेंग्थ टाइप' फक्त आकडा कसा दाखवायचा ते ठरवतो. 'इन्सर्शन स्केल', म्हणजे इन्सयुनिट्स हा व्हेरिएबल, युनिट म्हणजे काय ते बाहेरच्या जगाला सांगतो. मेट्रिक टेम्प्लेट, म्हणजे अकॅडआयएसओ, उघडलं की इन्सयुनिट्स ४ असतो, म्हणजे मिमी. मग लेंग्थ टाइप 'आर्किटेक्चरल' केला की फूट-इंच दिसायला लागतात आणि काम सुरू होतं, पण इन्सयुनिट्स ४ च राहतो. मेट्रिक टेम्प्लेटवर फूट-इंचात काम करणाऱ्या ऑफिसांतल्या फाइली अशाच निघतात. आकडे लक्षात ठेवा: ० म्हणजे एककाची नोंदच नाही, १ इंच, २ फूट, ४ मिमी, ५ सेंमी, ६ मीटर.

आणखी एक गोष्ट ठळक सांगतो. युनिट्स डायलॉगमध्ये एकक बदलल्याने एकही रेघ लांब-आखूड होत नाही. फक्त लेबल बदलतं.

कोणतीही अनोळखी डीडब्ल्यूजी आली की ती मूळ कॅडमध्ये उघडा, लेंग्थ टाइप तात्पुरता 'डेसिमल' करा आणि ज्याचं खरं माप ३'-०" आहे असं एखादं दार 'डिस्ट' कमांडने मोजा. उत्तर:

३६ आलं तर इंच
३ आलं तर फूट
९१४.४ आलं तर मिमी
९१.४४ आलं तर सेंमी
०.९१४४ आलं तर मीटर

यातलं काहीच आलं नाही, उदाहरणार्थ ९.१४४ किंवा १८, तर कुणीतरी मॉडेल स्पेसमध्येच कागदाच्या स्केलला काढलंय किंवा अर्धवट स्केल केलंय. तेव्हा गुणक काढूनच पुढे जा.

मोजताना डायमेन्शनच्या मजकुरावर जाऊ नका. तो मजकूर हाताने बदललेला असू शकतो. डिमएलफॅक (दाखवायच्या मापाला लावलेला गुणक) १ सोडून काही असेल तर १,५०० ची रेघ आरामात ३,००० म्हणून दिसते. डिस्ट कमांड भूमिती मोजते, मजकूर नाही.

आता दुरुस्ती. रेव्हिटमध्येच करायची असेल तर सध्याची लिंक काढा, पुन्हा लिंक करा आणि 'इम्पोर्ट युनिट्स' मध्ये ऑटो-डिटेक्ट न ठेवता 'इंच' असं स्पष्ट निवडा. हाताने गुणक टाकण्यापेक्षा हे बरं, कारण सहा महिन्यांनी फाइल उघडणाऱ्याला 'इंच' वाचून कळतं, '२५.४' बघून विचार करावा लागतो.

फाइलच दुरुस्त करायची असेल तर प्रत काढून त्यात आधी इन्सयुनिट्स १ करा, म्हणजे लेबल खरं झालं. मग कमांड लाइनवर मायनस चिन्हासह डीडब्ल्यूजीयुनिट्स द्या, नवं एकक मिलिमीटर सांगा, आणि 'सध्याच्या ड्रॉइंगमधल्या वस्तू स्केल करायच्या का' याला 'हो' म्हणा. क्रम उलटा झाला, म्हणजे लेबल मिमी असतानाच मिमी मागितलं, तर काहीच घडत नाही.

ही कमांड नसलेल्या कॅडमध्ये साधी स्केल कमांड, बेस पॉइंट ०,० आणि गुणक २५.४. मात्र त्याआधी सगळे लेयर अनलॉक आणि थॉ करा (थॉ म्हणजे फ्रीझ काढणं). 'ऑल' ने निवडलं तरी लॉक आणि फ्रीझ केलेल्या लेयरवरच्या वस्तू निवडीत येत नाहीत. मग भिंती मोठ्या होतात आणि फ्रीझ केलेलं फर्निचर किंवा ग्रिड इंचातच राहतं. हे त्या दिवशी दिसत नाही, लेयर उघडल्यावर दिसतं.

---

हद्दनिशाणी

सर्व्हेच्या फाइलबद्दल.

मीटर निवडल्यावर सूचना येते ती स्केल चुकल्यामुळे नाही, बरोबर असल्यामुळे येते. सर्व्हे बहुधा यूटीएम, म्हणजे जगाच्या नकाशावरच्या मीटरच्या जाळीच्या, निर्देशांकांत असेल. पुण्याच्या परिसरात, ४३ उत्तर झोनमध्ये, पूर्वांतर (पूर्व दिशेचा आकडा) साधारण ३,७८,००० आणि उत्तरांतर (उत्तर दिशेचा आकडा) साधारण २०,४८,००० मीटर असतं. म्हणजे प्लॉट ड्रॉइंगच्या शून्यापासून दोन हजार किलोमीटरवर बसलाय. रेव्हिटचा हिशेब २० मैलांच्या, साधारण ३२ किलोमीटरच्या, पसाऱ्यापलीकडे विश्वासार्ह राहत नाही, म्हणून तो अडवतो. याच फाइलला मिमी म्हटलं की उत्तरांतर २० लाख मीटरऐवजी २० लाख मिमी, म्हणजे दोन किलोमीटरच होतं. मर्यादेत बसलं, सूचना गायब. चुकीचं एकक शांतपणे आत येतं आणि बरोबर एकक तक्रार करतं. सूचना टाळण्यासाठी एकक बदलणं हा यातला सगळ्यात महाग पडणारा उपाय आहे.

करायचं असं. कॅडमध्ये झूम एक्स्टेंट्स करा. प्लॉट एका कोपऱ्यात ठिपक्याएवढा दिसला तर दूर कुठेतरी भटकी वस्तू आहे. बहुतेक वेळा ०,० वर टाकलेलं टायटल ब्लॉक, उत्तर दिशेचा बाण किंवा एखादा रिकामा टेक्स्ट. ते काढा, पर्ज करा (न वापरलेल्या नोंदी काढून टाका). रेव्हिटमध्ये 'सेंटर टू सेंटर' ने लिंक करताना केंद्र याच पसाऱ्यावरून ठरतं, त्यामुळे एक भटका बिंदूसुद्धा प्लॉटला किलोमीटरभर ढकलतो.

मग फाइल साफ असेल तर युनिट 'मीटर', पोझिशन 'सेंटर टू सेंटर', आणि नंतर प्लॉट इमारतीशी जुळवून 'अक्वायर कोऑर्डिनेट्स'. इमारत मूळबिंदूजवळ राहते आणि खरे निर्देशांक मॉडेलला मिळतात. दुसरा मार्ग: प्रत काढून सगळा सर्व्हे ठरावीक पूर्ण आकड्यांनी मागे सरकवा, समजा ३,७८,००० आणि २०,४८,०००, आणि हे दोन आकडे ड्रॉइंगमध्ये टेक्स्ट म्हणून आणि फाइलच्या नावातही लिहा. ३,७८,२१७.४६३ असले आकडे वापरू नका, पुढे कुणीतरी एक अंक चुकवतो.

टोटल स्टेशनच्या सॉफ्टवेअरमधून डीएक्सएफ (कॅड ड्रॉइंगच्या देवाणघेवाणीची फाइल) आली असेल तर ती कोणत्या आवृत्तीची आहे ते विचारा. आर-१२ या जुन्या पद्धतीच्या डीएक्सएफमध्ये इन्सयुनिट्सची नोंदच नसते. तिथे ऑटो-डिटेक्ट म्हणजे निव्वळ अंदाज. सर्व्हे आपल्याकडे जवळपास नेहमी मीटरमध्ये असतो, तेव्हा एकक स्वतः निवडा.

तपासणीसाठी क्षेत्रफळ वापरा, कारण त्यात स्केलची चूक वर्गाने वाढते आणि लपत नाही. मीटरची फाइल फुटात वाचली तर लांबी ०.३०४८ पट आणि क्षेत्र ०.०९२९ पट होतं, ६०० चौ. मीटरचा प्लॉट ५५.७ दिसतो. कागदपत्रांत क्षेत्र गुंठ्यात असेल तर १ गुंठा म्हणजे ३३ × ३३ फूट, १,०८९ चौ. फूट, १०१.१७ चौ. मीटर. पण हा उपयोग एकक ओळखण्यापुरताच. सातबाऱ्यावरचं किंवा मिळकत पत्रिकेवरचं क्षेत्र आणि मोजणीचं क्षेत्र यांत दोन-तीन टक्क्यांचा फरक निघाला तर ते जुळावं म्हणून सर्व्हे स्केल करू नका. तो फरक जमिनीचा आणि नोंदीचा आहे, सॉफ्टवेअरचा नाही. हद्द स्केल करून 'जुळवली' की सेटबॅक (हद्दीपासून सोडायचं अंतर) आणि एफएसआय (प्लॉटच्या प्रमाणात मिळणारं बांधकाम) दोन्ही काल्पनिक होतात.

याच कारणाने मोजणी नकाशाची क-प्रत स्कॅन करून त्यावरून हद्द गिरवू नये. १:५०० वर ०.३ मिमी जाडीची रेघ जमिनीवर १५० मिमी होते. रेघेच्या कोणत्या काठावर क्लिक केलं यावर सेटबॅक ठरवणार का?

एक बारीक मुद्दा. यूटीएमचं अंतर आणि जमिनीवर टेपने मोजलेलं अंतर तंतोतंत सारखं नसतं. पुण्याच्या जागी प्रक्षेपणाचा (गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणण्याचा) गुणक साधारण ०.९९९७८ भरतो, म्हणजे १०० मीटरला २२ मिमी कमी. ३० मीटरच्या प्लॉटला ६-७ मिमी, सोडून द्या. मोठ्या वसाहतीच्या लेआउटला मात्र सर्व्हेअरला विचारा की अंतरं ग्रिडची आहेत की जमिनीची.

---

ट्रेसिंग_टेबल

पीडीएफचा प्रश्न सोपा दिसतो पण त्यात दोन चुका एकावर एक बसल्या आहेत.

१:१०० ला ४० फूट, म्हणजे १२,१९२ मिमी, कागदावर १२१.९ मिमी हवे. तुमच्याकडे ५९.१ आहेत. जवळजवळ निम्मे, म्हणजे मूळ शीट ए१ असणार. ए१ चा ए३ करताना लांबी-रुंदी नेमकी अर्धी होते, म्हणजे ६०.९६. उरलेला फरक, ५९.१ भागिले ६०.९६, सुमारे ०.९७. हा 'फिट टू पेपर'चा; प्रिंटरने समास सोडण्यासाठी सगळं तीन टक्के आत ओढलं. त्यामुळे तुमची पीडीएफ १:१०० नाही, १:२०० सुद्धा नाही, १:२०६ च्या आसपास आहे. कागदावर छापलेलं प्रमाण फक्त त्या मूळ आकाराच्या कागदापुरतं खरं असतं.

तेव्हा प्रमाणाचा आकडा वापरूच नका, दोन बिंदूंनी स्केल करा. रेव्हिटमध्ये पीडीएफ आणा (२०२० पासून थेट येते), पिन (जागेवर लावलेलं कुलूप) असेल तर काढा, 'स्केल' टूल, 'ग्राफिकल': मूळ बिंदू भिंतीच्या एका टोकावर, दुसरा बिंदू दुसऱ्या टोकावर, मग खरं माप १२,१९२. ऑटोकॅडमध्ये स्केल कमांडचा 'रेफरन्स' पर्याय हेच करतो. तिरकी शीट असेल तर 'अलाइन': दोन जोड्या बिंदू देऊन शेवटी स्केल करायचं का याला 'हो'. एकाच वेळी जागा, कोन आणि प्रमाण तिन्ही.

कोणतं माप घ्यायचं यात सगळं आहे. उपलब्ध असेल ते सगळ्यात लांब, छापील आकडा स्पष्ट असलेलं माप घ्या. क्लिक करताना १० मिमीची चूक होतेच. ९०० च्या दारावर ती १.१ टक्के, १२ मीटरच्या बाजूवर ०.०८ टक्के. दारावरून स्केल केलेला प्लॅन दाराशी जुळतो आणि दुसऱ्या टोकाला १३० मिमी सुटतो.

त्याहून वाईट म्हणजे भिंतीच्या जाडीवरून स्केल करणं. नकाशात '९ इंची भिंत', मनात '२३० मिमी'. पण ९ इंच म्हणजे २२८.६. २२८.६ ला २३० केलं की सगळं ड्रॉइंग ०.६ टक्के फुगलं आणि ४० फुटांवर ७५ मिमी वाढले. दाराचंही तसंच: ३ फूट ९१४.४ असतात, ते ९०० समजून स्केल केलं तर पुन्हा तुमचे १२,००० मिमीच येतील. तुमच्या २५ च्या गुणकाचीच ही दुसरी वाट.

आडव्या बाजूवर स्केल केल्यावर उभी बाजू तपासा: ९,१४४ हवी. मग कर्ण. तुमचा प्लॅन ४० × ३० आहे, म्हणजे कर्ण नेमका ५० फूट, १५,२४० मिमी. दोन्ही कर्ण मोजा. बाजू बरोबर आणि कर्ण असमान असतील तर स्कॅन तिरपं झालंय. बाजूंचं प्रमाणच बिघडलं असेल तर कागद एका दिशेला ताणला गेलाय. जुन्या अमोनिया प्रिंट आणि रोलर स्कॅनर यांची जोडी हे हमखास करते. अशा वेळी एका गुणकाने काही होत नाही. चित्र इमेज एडिटरमध्ये नेऊन रुंदी-उंचीची साखळी सोडवून दोन्ही दिशांना वेगळा गुणक द्यावा लागतो. फोनने घेतलेल्या फोटोत तर प्रमाण जागेनुसार बदलतं, तो मापासाठी वापरू नका.

किती अचूकता मागायची हेही आधी ठरवा. ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपके) स्कॅनमध्ये एक पिक्सेल म्हणजे कागदावर ०.०८५ मिमी, १:१०० ला जागेवर ८.५ मिमी, आणि तुमच्या अर्ध्या केलेल्या शीटवर १७. चॅटवरून आलेल्या चित्राची लांब बाजू १,६०० पिक्सेल उरली असेल तर ए१ शीटचा एक पिक्सेल ५३ मिमीचा. त्यावर कितीही काळजीपूर्वक क्लिक केलं तरी उपयोग नाही. पाठवणाऱ्याकडून फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा.

पीडीएफ खूप झूम करून रेघा धारदार राहिल्या तर ती व्हेक्टर आहे, म्हणजे ठिपक्यांचं चित्र नाही, रेघांची नोंद आहे. मग ऑटोकॅडच्या पीडीएफइम्पोर्टने खऱ्या रेघा मिळतात. त्याही मिमीपर्यंत बरोबर नसतात, कारण प्लॉट करताना बिंदू कागदाच्या जाळीवर गोल होतात. ६०० डीपीआयला ही पायरी ०.०४२ मिमी, १:१०० ला ४.२ मिमी. ४,५७२ च्या जागी ४,५७० दिसलं तर छापील आकडा खरा माना, रेघ नाही.

---

आराखडा_पुणे

लिंक काढून 'इंच' निवडून पुन्हा आणली. बाजू १२,१९२, कर्ण १५,२४०. ग्रिड ३ वर १.४ आणि ग्रिड ५ वर ३.४ चा फरक उरलाय, वर सांगितल्याप्रमाणेच. सर्व्हेमध्ये ०,० वर टायटल ब्लॉक होतं, ते काढल्यावर मीटरमध्ये सूचनेशिवाय आला.

दोन गोष्टी अजून. एक, रेव्हिटमध्ये भिंत २३० ची आहे आणि खालच्या रेघा २२८.६ च्या, तर भिंत कशावर बसवायची? दोन, बागेचं काम करणारे स्केचअप हे त्रिमितीय मॉडेलचं सॉफ्टवेअर वापरतात. त्यांना आर्किटेक्टची मूळ डीडब्ल्यूजी दिली तर ते म्हणतात की आणल्यावर त्यातल्या टेप मेझर टूलने नीट करून घेऊ. चालेल का?

---

मोजपट्टी

भिंतीचं: रेघेवर भिंत बसवू नका, ग्रिडवर बसवा. बांधकाम कॉलमच्या ग्रिडवरून आखलं जातं, त्यामुळे स्ट्रक्चरलचे ५,९४५ आणि ११,९६० हे ग्रिड मॉडेलमध्ये मुख्य धरा, बाहेरची भिंत कॉलमच्या बाहेरच्या चेहऱ्याला लावा. ११,९६० अधिक २३० म्हणजे बाहेरून बाहेर १२,१९०. आर्किटेक्टच्या १२,१९२ पेक्षा २ मिमी कमी. हे दोघांना लेखी कळवा, त्यांची संमती घ्या, आणि त्यानंतर आर्किटेक्टची लिंक फक्त पार्श्वभूमी म्हणून पिन करून ठेवा. दर भिंतीला १.४ मिमी इकडे-तिकडे करत बसलात तर खोल्यांची मापं ३,०४६.६ अशी यायला लागतात आणि साइटवर ती कुणी वाचत नाही.

क्षेत्रफळही आता पुन्हा काढा. २५ च्या गुणकाने फूटप्रिंट, म्हणजे इमारतीने व्यापलेला भाग, १०८.० चौ. मीटर दाखवत होता, खरा १११.५ आहे. त्या आकड्यावर एफएसआयचं किंवा अंदाजपत्रकाचं काही काम झालं असेल तर ते तीन टक्क्यांनी कमी आहे.

---

ट्रेसिंग_टेबल

स्केचअपचं: 'आणल्यावर नीट करू' हे चित्रासाठी चालतं, डीडब्ल्यूजीसाठी टाळावं. स्केचअप एक हजारांश इंचापेक्षा, म्हणजे ०.०२५ मिमीपेक्षा, जवळ असलेले बिंदू एकच समजतो. १२ मीटरचा प्लॅन चुकून ४८० मिमीचा आला तर फारसं बिघडत नाही. पण सर्व्हेची मीटरमधली फाइल मिमी म्हणून आली तर ३० मीटरचा प्लॉट ३० मिमी होतो, आणि वळणाचे २० मिमीचे तुकडे ०.०२ मिमीचे. ते एकमेकांत विरघळतात. नंतर १,००० ने मोठं केलं तरी गेलेले बिंदू परत येत नाहीत. कंपाउंडची वळणं मोडकी दिसतात आणि फेस (पृष्ठभाग) बनत नाहीत.

म्हणून त्यांना सांगा: इम्पोर्टच्या खिडकीत 'ऑप्शन्स' उघडून युनिट्स 'मॉडेल युनिट्स'वर न सोडता तुमच्या मूळ फाइलसाठी 'इंचेस', सर्व्हेसाठी 'मीटर्स' निवडा. रिकाम्या फाइलमध्ये आणा, ४० फुटांची बाजू मोजा, मगच ग्रुप करून कामाच्या मॉडेलमध्ये न्या.

टेप मेझर वापरायचाच असेल, उदाहरणार्थ तुमच्या जुन्या मंजूर नकाशाच्या चित्रासाठी, तर आधी चित्राचा ग्रुप करा आणि डबल क्लिक करून ग्रुपच्या आत जा. आत दोन टोकांवर क्लिक करून १२१९२ टाइप करा आणि एंटर. आकार बदलायचा का असं तो विचारतो, 'हो' म्हणा. ग्रुपच्या बाहेर राहून हे केलं तर अख्खं मॉडेल त्या गुणकाने बदलतं, आधी काढलेली झाडं-पायऱ्यांसकट.

आकडा टाइप करताना स्वल्पविराम देऊ नका, आणि मॉडेल मिमीमध्ये नसेल तर आकड्यापुढे मिमीची खूण रोमन अक्षरांत लिहा. नाहीतर फूट-इंचाच्या टेम्प्लेटमध्ये तो १२,१९२ इंच समजेल आणि तुमचा २५.४ पुन्हा उलट्या बाजूने आत येईल.